अध्यक्षाचा तांब्या

आमच्या भगवंतरावाले चिखलाचं वावडं हाय. बेटावर शेती करणाऱ्या आमच्या गटाचा अध्यक्ष तो. सेंद्रिय शेतीवर भाषणं देत नांदगाव खंडेश्वरापासून अमरावतीपर्यंत फिरते, पण बेटावर उतरला की आधी बुटं सांभाळते. असा नमुना तुमी पाह्यला नसन. मी रोज पाहून राह्यली, म्हणून सांगतो.

बेट म्हणजे आमच्या जुन्या गावाची टेकडी. धरण झालं, गाव अन् वावरं पाण्यात गेली, टेकडी तेवढी वर राह्यली. नुस्ता मुरूम अन् गोटे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आमी बायांनी तळातला काळा गाळ घमेल्यांनी वर वाह्यला. आमच्याच बुडालेल्या वावराची माती ते. नाव चालवणाऱ्या डोमाजीच्या डोंग्यातून शेणखताच्या पाट्या नेल्या, खतासाठी ताग पेरला, मातीत गाडला, पुन्हा पेरला. तवा कुठं त्या मुरमावर तूर उभी राह्यली. भगवंतराव तवा काठावरच्या टपरीत चहा पीत होता अन् आमाले हात हालवत होता.

बेट सरकारचं हाय. आमाले एका अटीवर दिलं. फवाऱ्याच्या औषधाचा थेंब पडला नाई पाह्यजे, काहून की याच तलावाचं पाणी आमच्या नळाले येते. औषध मारलं की बेट गेलं.

म्हणून आमची एक रीत हाय. बेटावर पाय ठेवला की काठावरचं पाणी प्याचं, मंगच वावरात शिराचं. ही रीत कोणी पाडली? या भगवंतरावानंच! पेपरवाला आला होता, फोटो पाह्यजे होता. डोळे मिटून असा पेला तांब्याभर पाणी, जसं काई तीर्थच घेऊन राह्यला.

यंदा बेटाची मुदत संपत आली. अमरावतीहून सायेब पाहणीले येणार होते, त्यायनं हो म्हटलं तरच बेट आमच्याकडं राहणार. पंधरा दिवस आधी भगवंतराव नाकाले रुमाल लावून धुऱ्याबांधावरून फिरला. तुरीच्या ओळीत गवत होतं. आमी ठेवलेलं होतं ते, उताराची माती धरून ठेवते.

"काय हो पार्बताबाई, जंगल करून ठेवलं!" तो म्हणाला. "सायेब काय म्हणतीन? आळशाचं वावर म्हणतीन."

"म्हणू द्या. माती वाहून जाईन त्याच्यापेक्षा बरं."

"वावरात गवत दिसलं की शेतकऱ्याची इज्जत गेली. माया बापानं धुऱ्यावर काडी उगू देली नाई."

"मंग या ना विळा घेऊन. उपटा," मी म्हटलं.

तो हासला. विळा! त्याच्या हाताले विळा ओळखतही नसन.

बजाराच्या दिवशी आमी साऱ्या बाया नांदगावले गेलो भाजी घेऊन. त्याच दिवशी हा बहाद्दर पाठीवरचा पंप घेऊन बेटावर गेला. डोंगा डोमाजीनंच नेला. वास कायचा येते, असं त्यानं इचारलं तं म्हणे गोमूत्र हाय. डोमाजीनं उभ्या जन्मात गोमूत्राचा वास घेतला नाई काय? पण अध्यक्षाले कोण बोलते!

काठाजवळच्या ज्या ओळीत त्यानं पंप मारला, तिथलं गवत चार-पाच दिवसांत पिवळं पडून भुईले लागलं. कडेच्या तुरीची पानंही मुरडली. मधात एक दणकून पाऊस झाला, मारलेलं सारं उतारावरून तलावात गेलं. गोड्या गाळाची ती माती, आमच्या घामाची! मी तिथंच खाली बसली अन् रडली, खरं सांगतो.

गट जमला. भगवंतराव काय म्हणाला माहीत हाय? "ऊन लागलं गवताले." भर श्रावणात, आभाळ खाली लोंबून राह्यलं असताना! अन् बाया गप. साऱ्यायले समजलं होतं, पण बेट जाईन म्हणून तोंडाले कुलूप. माही सून मंजुषा तं घरी येऊन हातच जोडून राह्यली. "आई, तुमी काई बोलू नका. बेट गेलं तं मी परत दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जाऊ काय?"

तिचं खरं होतं. मी शब्द देला.

सायेब आले. डोंग्यातून उतरले, तुरीच्या ओळी पाह्यल्या अन् खूश! "वा! किती स्वच्छ ठेवलंय. तण अजिबात नाही. बाकीच्या गटांकडं नुसतं रान माजलेलं असतं. पुढच्या वर्षी सगळं बेट असंच दिसलं पाहिजे."

घ्या! हाही त्याच माळेचा मणी. भगवंतराव असा फुगला की शर्टाचं बटन तुटते काय असं वाटलं. "करतो ना सायेब, सारं बेट करतो," तो म्हणाला.

सारं बेट. माया अंगाची आग झाली.

मी शब्द मोडला नाई. औषधाचं एक अक्षर बोलली नाई. तांब्या घेतला, त्याच ओळींच्या खाली, उताराचं पाणी जिथं तलावात उतरते तिथं भरला अन् घेऊन आली. सायेबानं हात पुढं केला.

"आधी अध्यक्ष," मी म्हटलं. "रीत त्यायचीच हाय."

भगवंतरावानं हात मांगं घेतला. "मले आज उपास हाय."

"उपासाले पाणी चालते."

"घसा धरला हाय."

मांगून डोमाजी बोलला, "घ्या ना भाऊ, गोमूत्रच तं मारलं होतं तुमी."

सायेबानं त्याच्याकडं पाह्यलं, मंग भुईले लागलेल्या पिवळ्या गवताकडं. खाली बसून तुरीचं मुरडलेलं पान हातात घेतलं. "प्या," ते भगवंतरावाले म्हणाले. पुन्हा म्हणाले, "प्या ना."

नाई पेला. रुमालानं तोंड पुसलं, पण नाई पेला.

मातीची अन् पाण्याची तपासणी होईपर्यंत बेट बंद, असं सांगून सायेब गेले. उभी तूर तशीच सोडून आमी डोंग्यात बसलो. अन् बाया कोणाले बोलल्या? मले! भगवंतराव पुढं बसून रुमालानं बुटं पुसून राह्यला होता. "बाईनं बेट घालवलं," तो म्हणे. अन् साऱ्या मुंड्या हालवून राह्यल्या. थू तुमच्या जिंदगीवर!

घरी मंजुषानं मायाकडं पाठ फिरवली. नळ आला, तिनं गिलास भरला, तोंडाले लावला अन् थांबली. मंग गिलास मोरीत ओतला.

"हेच पाणी हाय ना आई?"

"हेच."

"त्यानं तिथं पेलं नाई. अन् आमी घरी रोज प्याचं?"

तिनं फळीवरचा तांब्या काढला, नळाखाली काठोकाठ भरला, पदर खोचला अन् भगवंतरावाच्या घराकडं निघाली. रस्त्यात बाया दारात उभ्या होत्या. तिनं कोणाले हाक मारली नाई. पण तिच्या मांगं जाता जाता मी वळून पाह्यलं तं एकेक जण आपापला तांब्या भरून येऊन राह्यली होती.