माझे दोन लेक, दोन सभागृहांत

मी चार यत्ता शिकलेली बाई. पण राष्ट्राध्यक्षाला खुर्चीवरून कसं उतरवतात ते माझ्या दोन्ही लेकांनी मला नीट समजावलं होतं. थोरला खालच्या सभागृहात, धाकटा वरच्या. खालच्यांनी आरोप ठेवायचा, वरच्यांनी न्याय करायचा. खालच्यांना निम्म्याहून एक मत जास्त मिळालं तरी पुरतं. वरच्यांत मात्र तिघांतल्या दोघांना उभं राहावं लागतं. जो बसून राहिला तो ‘नको’ म्हणाला असं धरतात.

बोगदा कोसळला त्यात माझा नवरा गेला, आणखी एकवीस माणसं गेली. चौकशीचा अहवाल राष्ट्राध्यक्षानं दाबून ठेवला. तो हटला तरच अहवाल बाहेर येणार होता.

आरोप वाचताना बापाच्या नावापाशी थोरल्याला रडू फुटलं. मी खुळी, डोळे पुसत बसले. बोगद्यात नवरे गेलेल्या बाकीच्या बायकांना मीच सांगितलं, निम्मं काम झालं, उरलेलं माझ्या धाकट्याकडे, चला.

निकालाच्या दिवशी आम्ही अठरा जणी प्रेक्षकांच्या सज्जात दाटीवाटीनं बसलो. सभापतींनी ‘हटवा’ म्हणणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं. खुर्च्या करकरल्या. धाकटा कागदावर काहीतरी खरडत बसला. शेजारचा ऐंशीचा म्हातारा काठी टेकत उठला, आणि माझ्या पस्तिशीच्या घोड्याला उठवेना. एका मतानं राहिलं.

जिन्यावर मी थोरल्याला शोधत होते. म्हटलं, हा भावाची कॉलर धरेल. तर हा धाकट्याचा कोट हातावर घेऊन उभा.

“आई, माझ्या मतदारांना आरोप हवा होता, तो मी केला,” थोरला म्हणाला. “ह्याला आता मंत्रिपद मिळतंय. दोन्ही घरातच आलं ना?”

कधी ठरलं, विचारलं. धाकट्यानं मान खाली घातली. आरोप लिहितानाच, म्हणाला.

म्हणजे ते रडूसुद्धा ठरवूनच.

त्यांनी गाडीचं दार उघडलं. मी बायकांच्या बसकडे चालू लागले. बोगद्यात गेलेल्या गवंड्याच्या बायकोनं सरकून जागा दिली आणि हळूच विचारलं, धाकट्याला बरं नव्हतं का?

बिचारीनं माझी अब्रू झाकायला पदर पुढे केला होता. हो म्हटलं असतं तर झाकलीही गेली असती.

“ठणठणीत होता,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “दोघांनी मिळून विकलं आपल्याला. पुढच्या वेळी मतं मागायला येतील, तेव्हा दार अडवून मी उभी राहीन.”