भाजीची खोली

भिंत. जुन्या खोलीची. पांढऱ्या मातीची, दोन हात जाड. वर लाकडी सरे, फळ्या आणि त्यांवर धाबं, म्हणजे मातीचं जाड छत. अनसिंगच्या बाजारात न्यायची भाजी इथं ठेवतात. टळटळीत दुपारीही ती ताजी राहते.

छत. नव्या खोलीचं. टिनाचं. उत्तमरावांनी वाशीमहून बैलगाडीत आणलं, तेव्हा आजूबाजूचे मळेवाले बघायला जमले होते. ही खोली माणसांची.

पाळणा. तो आता माळ्यावर. गेल्या वैशाखात टिनाखाली उत्तमरावांच्या सुनेचं, हौसाबाईचं, अकरा दिवसांचं लेकरू तापलं आणि गेलं. सगळे म्हणाले, दृष्ट. हौसाबाईनं वर टिनाकडे पाहिलं.

चैत्र. तिला पुन्हा नववा महिना.

बाळंतपण जुन्या खोलीत करू का, असं तिनं सासूला विचारलं. गोजराबाई कळवळली, पण म्हणाली की विटाळाच्या खोलीतली भाजी बाजारात कोणी घेणार नाही.

सकाळ. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या. एकाच वाफ्यातल्या, एकाच बादलीत भिजवलेल्या. एक हौसाबाईनं जुन्या खोलीतल्या भाजीत ठेवली. दुसरी टिनाखाली, पाळणा टांगायचा तिथं.

दुपार. तिनं सासऱ्यांना बोलावलं. उत्तमरावांनी टिनाखालची जुडी उचलली. देठांनी माना टाकलेल्या.

"कालची हाय काय?"

"आजचीच, मामाजी. सकायी तोडली. दुसरी तिकडं हाय, पाहून घ्या."

त्यांनी ती पाहिली. हिरवीगार. परत आले ते चिडून.

"मंग हे इथं कायले ठेवली? या भट्टीत कोनी भाजी ठेवते काय?"

बोलले आणि त्यांची नजर पाळणा टांगायच्या कडीकडे गेली.

हौसाबाईनं पोटावरचा पदर सारखा केला.

नथ्थू गवंडी. निरोप मिळताच आला. नव्या खोलीच्या भिंती वाजवून पाहिल्या. म्हणाला, धाबं पंधरा दिवसांत होईल, पण भिंतींची जाडी हातभर वाढवावी लागेल, पश्चिमेची खिडकी बुजवून उत्तरेला काढावी लागेल. उत्तमराव प्रत्येक गोष्टीला हो म्हणाले. मग हाताला धोतराचा सोगा गुंडाळून शिडी चढले.

"सांजच्याले काढा मामाजी, टिन लय तापलं हाय."

"त्या लेकराले आपन सांज पाहू देल्ली काय, बाई?"

पहिला पत्रा सुटला. खाली गोजराबाई ओली गोणपाटं घेऊन तो धरायला उभी होती.