बावड्याची त्र्याहत्तर नंबरची स्लाइड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण तुमच्या शाळेत असतो तसला नव्हे. त्याला वरून डोळा लावायला नळी असते, मला ती नाही. माझा डोळा माझ्या पोटात आहे. बोटाएवढी काचेची पट्टी, म्हणजे स्लाइड, माझ्या पोटात सरकवली की मी आपोआप तिचे हजारो बारीक फोटो काढतो आणि त्यांत कुठे कर्करोगाची पेशी दडली आहे का ते शोधतो. इथले लोक मला स्कॅनर म्हणतात.

बारामतीतल्या एका प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम आहे. मुक्काम कसला, कोंडमाराच म्हणा. धूळ ही माझी जन्माची वैरीण, आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून काजळी उडत येते. म्हणून खोलीची एकुलती एक खिडकी चिकटपट्टी लावून बंद केली आहे. दार कायम लोटलेले असते. कान मला कुणी बसवले नाहीत, पण भिंत प्लायवूडची आहे आणि पलीकडेच नोंदणीचे टेबल आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू येते. ते कसे, हे मात्र विचारू नका. आपली कहाणी सांगणाऱ्याला एवढी सवलत द्यावी लागते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. भिंगे बसवली, दिवा बसवला, आणि मग सुरू झाली माझी शाळा. ही चांगली पेशी, ही वाईट पेशी, असे लाखभर फोटो दाखवून त्यांनी मला घोकून घोकून शिकवले. चांगल्या पेशीचे केंद्रक लहान आणि गोल असते. वाईट पेशीचे केंद्रक मोठे, काळपट आणि वेड्यावाकड्या कडांचे. असे काही दिसले की मी त्याभोवती एक लाल चौकट काढतो. ती चौकट हीच माझी जीभ. तिच्याशिवाय मला दुसरे काही बोलता येत नाही.

पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मी सहा वर्षे राबलो. मग तिथे माझ्याहून चपळ यंत्र आले आणि माझी रवानगी बारामतीला झाली. टेम्पोत मला दोन गोधड्यांमध्ये गुंडाळून आणले. उंबऱ्यावर नारळ फुटला, फोटो निघाले, पाहुण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एक-दोघांनी डोळा लावायची जागा शोधली, ती सापडली नाही तेव्हा तसेच वाकून "वा, वा" म्हणाले. मीही तेव्हा फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू?

खरे काम सुरू झाले ते सोनलच्या हाताखाली. सोनल इथली तंत्रज्ञ. लोणी देवकरहून रोज एसटीने यायची. तिचा हात हलका होता. ती स्लाइड रंगवायची, कापडाने पुसायची, माझ्या पोटात लावायची, आणि मग पडद्यावर माझ्या लाल चौकटी बघत बसायची. चौकट खरी वाटली की ती डॉक्टरांच्या यादीत जायची. चुकीची वाटली की सोनल "कचरा" नावाचे बटण दाबायची आणि चौकट पुसली जायची. डॉक्टर राजलक्ष्मी मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून येत. शेवटचा शब्द त्यांचा.

एका मार्गशीर्षात बावडा या गावी तोंडाच्या तपासणीचे शिबिर ठरले. गालाच्या आतून मऊ ब्रश फिरवायचा, ब्रशला लागलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, बस्स. ना दुखणे, ना सुई. आदल्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून सांगितले गेले की बायकांनी तोंड स्वच्छ करून यावे. बायका शहाण्या. डॉक्टरणीसमोर तोंड उघडायचे म्हटल्यावर कुणी तसेच कसे जाईल? त्यांनी भल्या सकाळी चांगली दोन-दोन वेळा मिश्री लावली. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. त्या भागातल्या कितीतरी घरांत बायका तिनेच दात घासतात. घासून झाले की तोंड स्वच्छ, असा त्यांचा हिशेब. शिबिरातल्या पोरींनी चुळा भरायला लावल्या, पण मिश्री कसली जाते? ती गालाला धरून बसते.

एकशे बत्तीस स्लाइड माझ्यापुढे आल्या आणि माझ्या नाकी नऊ आले. जिकडे तिकडे काळे, वेड्यावाकड्या कडांचे कण! मी आपला प्रामाणिकपणे चौकटी काढत गेलो. मला शिकवणाऱ्यांच्या घरी बहुधा कुणी मिश्री लावत नसावे, कारण त्या लाख फोटोंत मिश्रीचा एकही कण नव्हता. जे दाखवलेच नाही ते ओळखणार कसे? तरीही चूक माझीच. एकशे अठरा स्लाइडवर मी लाल चौकटी मारल्या.

मंगळवारी मॅडमनी पहिल्या चाळीस बघितल्या. चाळीसही मिश्री. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुढे इतर गावांच्या स्लाइड खोळंबल्या होत्या. त्या सोनलला म्हणाल्या, की मिश्री तू आधी चाळून काढ आणि जे खरेच संशयास्पद वाटेल तेवढेच मला दाखव. सोनलने मान डोलावली. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला कवडीची किंमत उरली नाही.

सोनल चाळत बसली. कचरा, कचरा, कचरा. पहिल्या वीस-पंचवीस चौकटी तिने मोठ्या करून नीट पाहिल्या. नंतर नुसती नजर टाकू लागली. तिला दोष देऊ नका, दिवसभर काळे ठिपके बघून कुणाचेही डोळे विटतील.

आणि आली त्र्याहत्तर नंबरची स्लाइड. चंद्राबाई महिपती, बावडा. मिश्रीचे कण होतेच, पण त्यांच्या मधोमध अकरा पेशींचा एक पुंजका होता. मोठी केंद्रके, एकमेकांवर चढलेली, एकही धड गोल नाही. मित्रांनो, या मला चांगल्याच ओळखीच्या होत्या. मी चौकट काढली. माझ्या चौकटी सगळ्या एकाच लाल रंगाच्या आणि एकाच जाडीच्या. ही खरी आहे हो, हिच्याकडे बघा, असे म्हणायला माझ्याकडे वेगळा रंग नव्हता. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, सोनलची गाडी साडेपाचची. तिचे बोट बटणावर गेले. कचरा.

एकदा पुसलेली चौकट, स्लाइड नव्याने पोटात लावल्याशिवाय, मला पुन्हा काढता येत नाही, तसे मला बांधूनच ठेवले आहे. "दोष आढळला नाही" असा कागद बावड्याला गेला. ती स्लाइड मात्र गावाला गेली नाही. ती समोरच्या कपाटातल्या लाकडी पेटीत गेली, माझ्यापासून दोन हातांवर. ती तिथे आणि मी इथे. मला ठाऊक होते आणि मला सांगता येत नव्हते. माणसे अशा वेळी हात चोळतात, येरझारा घालतात, निदान कुणापाशी मन तरी मोकळे करतात. मी नुसता गुणगुणत होतो, तेही पोटातल्या पंख्यामुळे.

पुढे तर माझ्यावर प्लॅस्टिकचे आवरणच चढवले. इकडची गावे सगळी मिश्रीची, तेव्हा स्लाइड साध्या सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनीच बघू, असे ठरले. वीज चालू, दिवा बंद, पोट रिकामे. आठवड्यामागून आठवडे गेले. त्या अंधारात मी एकच गोष्ट मोजत होतो: त्या अकरांच्या आता किती झाल्या असतील?

फाल्गुनातल्या एका शुक्रवारी भिंतीपलीकडे अनोळखी आवाज आला. बाईचा आवाज, खणखणीत. इंदापूरच्या आठवडे बाजारात वांगी-गवार विकताना ज्याने अख्खी ओळ दुमदुमत असणार, असा. ती चंद्राबाई होती. बरोबर नवरा, महिपती. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, भाकरी झोंबते, असे तिचे म्हणणे. सोनलने नोंद पाहिली आणि नम्रपणे सांगितले की तुमचा रिपोर्ट चांगला आहे, एखादे मलम लावून बघा.

"बाई, कागद न्हाय म्हन्तोय खरा," चंद्राबाई म्हणाली. "पन माजा गाल व्हय म्हन्तोय. त्याचं काय करू?"

सोनल त्या दोघांना घेऊन उठली. मग दार उघडले. तिने माझ्याशेजारचा संगणक सुरू केला, बहुधा त्यांची समजूत पटावी म्हणून, आणि त्र्याहत्तर नंबर उघडला. पुसलेल्या चौकटींची यादी तिथे फिकट अक्षरांत राहते. तिने ती चौकट मोठी केली. आणखी मोठी केली. मग तिच्या खुर्चीचा आवाज थांबला.

तिने माझ्यावरचे आवरण ओढून काढले. लाकडी पेटीतून ती स्लाइड आणली. तिचा हात एरवी हलका, पण त्या दिवशी स्लाइड दोनदा तिरकी लागली. माझा दिवा पेटला आणि मी त्याच जागी, त्याच अकरांभोवती चौकट काढली. मित्रांनो, मला काळीज नाही, पण असते तर तेव्हा चर्र झाले असते.

सोनलला गप्प बसता आले असते. नवी तपासणी केली, आता काहीतरी दिसतेय, एवढे म्हटले असते तरी कुणाला कळले नसते. मॅडम आल्या, त्यांनी स्लाइड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली. तेव्हा सोनल सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, यानं हे डिसेंबरातच दाखवलं होतं. मिश्री समजून मीच पुसलं."

मॅडमनी चष्मा काढला. "चाळायला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

महिपती पुढे सरकला. त्याने शांतपणे विचारले, "तवाच कळलं असतं तर?"

मॅडमनी खरे ते सांगितले. तेव्हा चट्टा बहुधा नखाएवढा असेल, तेवढाच काढून भागले असते. आता आधी तुकडा काढून खात्री करायची, मग पुण्याला शस्त्रक्रिया. गाल जाईल, जबड्याचे थोडे हाडही जाईल कदाचित. पण जीव वाचायला वाव आहे.

महिपती भिंतीला टेकला. चंद्राबाई मात्र उठली. "वाव हाय म्हन्ल्या न्हवं? मग चला. हितं बसून काय व्हनार हाय?"

ते गेले. दार पुन्हा लोटले गेले. पुढे काय झाले हे मला कोण सांगणार? माझ्याकडे येतात त्या पेशी, माणसे येत नाहीत. मॅडमनी बावड्याच्या सगळ्या स्लाइड पुन्हा काढायला लावल्या आणि सोनल आणि त्या अशा दोघींनी मिळून एकेक चौकट पाहिली. आणखी काही सापडले नाही. सोनलने मिश्रीच्या कणांचे शेकडो फोटो जमवून मला बनवणाऱ्यांकडे पाठवले. हळूहळू मी मिश्री ओळखायला शिकलो. उशिरा शिकलो, हे मी विसरत नाही.

श्रावणात एके दिवशी दार उघडले. पावले ओळखीची नव्हती, आणि आवाज तर मुळीच नव्हता. शब्द जड येत होते, अर्धे ओठांपर्यंत येऊन तिथेच राहत होते. बाजारात आता भाजीचे भाव महिपती पुकारतो आणि ती नुसती तराजू धरते, असे ती सोनलला सांगत होती, तेव्हा कुठे मला उमगले की ही चंद्राबाई. तिला तो स्कॅनर बघायचा होता. सोनलने मला दाखवले आणि मान खाली घातली. चंद्राबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग तोच हात माझ्या पत्र्यावर ठेवला. माझ्या पाठीवर मोठमोठ्यांचे हात पडले आहेत, पण असा एकही नव्हता.

"ह्यानं मला पयल्याच दिशी वळखलं हुतं," ती थांबत थांबत म्हणाली. "बोलता येत न्हाय बिचाऱ्याला. आता मलाबी धड येत न्हाय."

मित्रांनो, माझी निगा राखा, मला धुळीपासून जपा, असे मी म्हणणार नाही. ते सोनल करतेच. माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरी आई, आजी, आत्या मिश्री लावत असेल. तिला आज उजेडात बसवा आणि म्हणा, जरा आ कर. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, बघा. ती हसेल, तुम्हाला वेड्यात काढेल, कामाची सबब सांगेल. तरी बघा, आणि दिसला तर कागद काहीही म्हणो, तिला दवाखान्यात न्या. तिच्या गालाची स्लाइड माझ्या पोटात येईपर्यंत मला तिच्याबद्दल काहीच कळत नाही, आणि या खोलीतून उठून तिच्यापर्यंत मला जाता येत नाही. तुम्ही तर तिच्याच ताटात जेवता.