घोरण्याचा चमत्कार

लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची एक शेड होती. तिथे एक म्हातारा शिंपी सतरंजीवर उताणा पडून घोरत होता आणि शेडभर माणसं हात जोडून त्याचं घोरणं ऐकत होती. एरवी घरात कुणी असं घोरलं तर शेजारचा उशी फेकून मारतो. इथे मात्र माना डोलत होत्या, कारण हे घोरणं नव्हेच, हे दुखणं बाहेर पडतंय, असं हलकेबाबांनी सांगितलं होतं.

"ऐका," बाबा खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले. "जुनं दार उघडताना करकरतं की नाही? याचं दुखणं तर त्या दारापेक्षा जुनं. ते मुकाट्याने जाईल का?"

"नाही जाणार," शेड एका आवाजात म्हणाली.

"आणि या अवस्थेत माणसाला हात लावला तर?"

"दुखणं परत शिरतं."

"कुणात?"

"हात लावणाऱ्यात."

बाबांच्या साऱ्या तत्त्वज्ञानात पक्क्या हिशेबाची अशी ही एकच गोष्ट होती. झोपलेल्याला कुणी हलवून बघायचं नाही. तो शिंपी त्या झोपेतून उठलाच नाही. 'कायमचा हलका झाला,' असं बाबांनी जाहीर केलं, आणि लोकांना त्याचा चक्क हेवा वाटला.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या पॉलिशवालीलाही वाटला. ती काही खुळी बाई नव्हती. फर्निचरच्या कारखान्यात ती लाकूड घासून पॉलिश करायची, आणि तिचा नवरा तिथेच सुतार होता. फळ्यांची चळत कमरेवर कोसळल्यापासून तो अंथरुणाला खिळला होता. रात्रंदिवस कण्हणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईला शहाणपण परवडत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिच्या नणंदेने तिला काडीऐवजी आख्खा बाबाच आणून दिला होता.

बाबा पुड्या द्यायचे. पांढरी, कडूजहर भुकटी, मधात कालवून घ्यायची. पहिली पुडी पोटात गेली आणि सुतार भिंतीला टेकून बसला, बायकोकडे बघून हसला. ते हसू बघून ती मोरीत जाऊन पोटभर रडली. त्या हसण्यासाठी तिने आणखी काहीही दिलं असतं.

गल्लीपलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्याही चालूच होत्या. त्या देताना बाईंनी बजावलं होतं, "या एका गोळीत दोन औषधं आहेत. एक अफूच्या जातीचं, दुसरं तापावरचं. वेळेआधी द्यायची नाही. चुकली तर दोन एकदम द्यायच्या नाहीत. दारूचा थेंब नको. आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काहीही नको, साधी सर्दीची गोळीसुद्धा नको, तिच्यातही हेच असतं." पॉलिशवालीने सगळं तंतोतंत पाळलं. पुडी तिने औषधात धरलीच नव्हती. शिवाय कारखान्याची शिस्त तिच्या अंगात मुरली होती. तिथे सांधा जोडताना आधी सरस लावतात आणि वरून स्क्रूही पिळतात, म्हणजे एकाने दगा दिला तर दुसरं धरून ठेवतं. गोळी म्हणजे सरस आणि पुडी म्हणजे स्क्रू, असं तिने मनाशी धरलं होतं. दुखणं उसळलं की बाबा पुड्या वाढवायचे, आणि ती दोन्ही देत राहिली.

मग एका दुपारी सुतार घोरू लागला.

"दादाचं सुटतंय गं वहिनी," शेडमधून नुकतीच आलेली नणंद हरखून म्हणाली आणि हात जोडून बसली. पॉलिशवालीही बसली. घोरणं मध्येच थांबायचं. खोलीत काही ऐकू यायचं नाही. मग नवऱ्याच्या गळ्यात गुळगुळ व्हायची आणि ते पुन्हा सुरू व्हायचं. प्रत्येक वेळी थांबणं लांबत चाललं होतं. हेच ते सुख, हेच ते सुख, असं ती स्वतःला समजावत राहिली. शेवटी तिला नवऱ्याचे ओठ दिसले. ते राखाडी पडले होते.

ती उठली आणि तिने त्याचे खांदे धरून गदागदा हलवले.

"हात लावू नकोस," नणंदेने तिला मागे ओढलं. "तुझ्यात शिरेल ते."

"शिरू दे वन्सं. निदान यांना काय होत होतं ते तरी मला कळेल."

सुताराचा हात पलंगावरून खाली लोंबला. तो तसाच राहिला. मग मात्र पॉलिशवाली अनवाणीच गल्ली ओलांडून दवाखान्याकडे पळाली.

डॉक्टरीणबाई आल्या त्या धापा टाकतच. त्यांनी त्याची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी छातीच्या हाडावर बोटांची पेरं जोरात रगडली, तरी तो हलला नाही.

"अँब्युलन्स बोलवा," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याची हनुवटी वर केली, तोंडावर रबरी मुखवटा धरला आणि फुगा दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. नणंद घाबरून पाणी घेऊन आली.

"तोंडात काही घालू नका. शुद्ध नसलेल्याला पाजलं तर ते फुप्फुसात जातं."

मग त्यांनी मांडीत एक इंजेक्शन दिलं. पॉलिशवाली नवऱ्याचे पाय धरून बसली होती. पाय गार लागत होते. माझी सगळी पुण्याई घे पण यांना ठेव, असं ती कुणाला तरी मनातल्या मनात सांगत होती. थोड्या वेळाने सुताराने घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि कमरेच्या कळेने तो जिवाच्या आकांताने ओरडला.

"बघा, घातलंत ना दुखणं परत?" नणंद डॉक्टरीणबाईंवर धावून गेली.

"घातलं. श्वासही परत घातला," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे बघा ताई, हे इंजेक्शन झोप मोडायचं नाही. दमून झोपलेल्याला दिलं तर तो कूस बदलून पुन्हा झोपेल. दारू पिऊन पडलेलाही याने उठायचा नाही. हे फक्त अफूच्या जातीचं औषध उतरवतं. तुमच्या दादाची झोप देवाची असती, तर माझ्या सुईची काय बिशाद होती ती मोडायची? आता सांगा, काय काय दिलंत?"

पॉलिशवालीने उशीखालून उरलेल्या पुड्या काढून दिल्या. किती दिल्या, कधी दिल्या, तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

"अशाच गोळ्या कुटून कागदात बांधल्यात," बाई पुडीतला गोळीचा न कुटलेला तुकडा दाखवत म्हणाल्या. "माझी गोळी आणि ही पुडी एकच. या औषधाने माणूस श्वास घ्यायचंच विसरतो. जीभ मागे पडते, घसा अर्धा बंद होतो, त्याचा हा आवाज. घोरणं कसलं? गळा आवळल्याचा आवाज आहे तो."

पॉलिशवालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड तिला सोसवेना. सरस आणि स्क्रू कुठले? एकाच भोकात ती स्क्रूवर स्क्रू पिळत होती आणि लाकूड चिरत होतं. तेही तिच्या हाताने, मायेने, वेळच्या वेळी.

अँब्युलन्समध्ये सुताराचं ओरडणं थांबलं. त्याचे डोळे मिटले. "आता शांत झोपला हो," नणंद म्हणाली, आणि तेवढ्यात ते घोरणं पुन्हा सुरू झालं. बाईंनी लगेच दुसरं इंजेक्शन दिलं.

"या सुईचा जोर लवकर ओसरतो, पोटातल्या औषधाचा ओसरत नाही," त्या म्हणाल्या. "उठला म्हणजे वाचला असं समजून घरी ठेवतात, आणि तिथेच घात होतो. म्हणून हॉस्पिटल."

हॉस्पिटलमध्ये त्याचं रक्त तपासायला घेतलं आणि हाताला सलाईन लावलं. पॉलिशवालीने विचारलं, "आता कशाचं सलाईन? श्वास तर चालू आहे."

"त्या गोळीतल्या दुसऱ्या औषधासाठी. तापावरचं म्हणून सगळे त्याला गरीब समजतात. जास्त झालं की ते यकृत नासवतं. आणि लबाड इतकं की एक-दोन दिवस माणूस धडधाकट दिसतो."

"वाचतील ना हे?"

"यकृताचं आज कुणीच सांगू शकत नाही."

नणंद भिंतीशी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती हळूच म्हणाली, "शेडमध्ये आज बेकरीवाल्याची आई आहे. मी निघाले तेव्हा घोरायला लागली होती."

डॉक्टरीणबाईंनी बॅग उचलली. पॉलिशवालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला सोडून जायला तिचा पाय निघेना. पण ते घोरणं आता तिला शेडमधूनही ऐकू येत होतं.

"तू जा वहिनी," नणंद म्हणाली. "मी दादाजवळ बसते. जरा घोरला तरी नर्सला हाक मारते."

शेड गच्च भरली होती. पॉलिशवाली माणसं तुडवत पुढे गेली आणि तिने म्हातारीला हाका मारल्या, गदागदा हलवलं. म्हातारी उठेना. सगळ्यांच्या तोंडून एकदम 'अगं' निघालं. तोवर डॉक्टरीणबाई पोचल्या. त्यांनी म्हातारीच्या तोंडावर मुखवटा धरला आणि सुई बाहेर काढली.

"मुली," हलकेबाबा मधाळ आवाजात म्हणाले, "तुझा विश्वास कमी पडला. त्यात तू वरून डॉक्टरची गोळी दिलीस, तीच बाधली."

"असेल," पॉलिशवाली म्हणाली. तिने वाटेत डॉक्टरीणबाईंकडून मागून घेतलेली पुडी त्यांच्यासमोर धरली. "तुम्हाला तर कुणाची गोळी चालू नाही. घ्या की. माझ्या नवऱ्याला एका दिवसात जेवढ्या दिल्यात तेवढ्या घ्या, इथेच, सगळ्यांसमोर."

बाबांनी दोन्ही हात शालीत घेतले. "मला कुठे दुखणं आहे?"

"मग झोप तरी लागेल. आम्ही बसतो ऐकत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुडीकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या सुईकडे पाहिलं, आणि पुडीला हात लावला नाही. पुडीत काय आहे हे त्या शेडमध्ये त्यांनाच सगळ्यात आधीपासून ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांना दिसलं. सतरंजीवर म्हातारी खोकली आणि विव्हळली. बेकरीवाला तिच्याशेजारी मटकन बसला आणि मुसमुसू लागला.

पॉलिशवालीला भाषण करता येत नव्हतं. सुचेल तसं ती बोलली.

"मी दिलं सगळं, माझ्या हाताने. माझा माणूस तिकडे पडलाय, वाचेल की नाही डॉक्टरलाही माहीत नाही. झोपलेल्याला हात लावला तर काही शिरत नाही. हाक मारून उठला नाही तर ती झोप नाही, एवढं डोक्यात ठेवा. आत्ता तुमच्यापैकी कुणाच्या घरी पुडी घेऊन कोण निजलंय? जा आणि उठवून बघा. उठलं नाही तर कुशीवर वळवा, अँब्युलन्स बोलवा, आणि काय दिलंय ते खरं सांगा."

मग पुढच्या रांगेतला एक ड्रायव्हर उठला. त्याच्यामागे एक गरोदर बाई उठली, मग दोन भाऊ उठले. दारात चेंगराचेंगरी झाली. चपला तिथेच टाकून माणसं गल्लीतून पळत सुटली, आणि घर यायच्या कितीतरी आधीच, रस्त्यातूनच, आपापल्या माणसांना मोठमोठ्याने हाका मारू लागली.