चाळीस निजलेले, एकही घोरेना

दुपारी तीनला हॉलची दारं लागली, पडदे ओढले गेले. चाळीस खुर्च्यांवर चाळीस माणसं. प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पुढच्या रांगेत आमचे दाजी. ताई आणि मी मागे भिंतीला टेकून उभे.

निद्रागुरू मंचावर आले. पांढरा सूट, मधात बुडवलेला आवाज.

"पापण्या शिशाच्या झाल्या... अंग कापसाचं झालं... माझ्या संमोहनाची तिसरी टाळी पडली, की निर्मळ मनाचा माणूस झोपणार. ज्याच्या मनात पाप दडलंय, तेवढा एकटाच जागा राहणार!"

टाळी. टाळी. टाळी.

ऐंशी डोळे मिटले. मागच्या नातेवाइकांनी हात जोडले. एक बाई रडायलाच लागली, "दोन वर्षांनी झोपले हो आमचे हे!"

माझी नजर मात्र दाजींवर होती. दाजी बसचालक. तीन महिन्यांपूर्वी पुलाच्या वळणावर त्यांना डुलकी लागली आणि बस कठड्याला घासत गेली. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला बंदी केली, उपचार सुरू केले. ते अर्धवट सोडून दाजींनी गुरूंचे पाय धरले. आज चौथी, शेवटची बैठक. ती संपली की गुरू 'निद्राशुद्धी'चा दाखला देणार, आणि डेपोचे साहेब, तेही भक्तच, उद्या सकाळी सहाला शाळेची बस दाजींच्या ताब्यात देणार.

"घरी रात्रभर छताकडे बघत असतात रे," ताई कुजबुजली. "विचारलं तर म्हणतात, गुरूंकडे झोपतो ना, तेवढं पुरे."

मी देवाच्या कथेला नेमानं बसणारा माणूस. बुवा कितीही रंगात येवोत, पेंगणारे पेंगतातच. मान छातीवर आपटते, तोंड उघडं पडतं, कुणाची लाळ शेजाऱ्याच्या सदऱ्यावर. इथे मात्र सगळे मूर्तीसारखे ताठ!

"ताई, एकाचीही मान पडली नाही गं."

ताईनं क्षणभर बघितलं आणि तरातरा पुढे गेली. "अहो गुरुजी, वीस वर्षं बघतेय, हे झोपले की यांच्या घोरण्यानं आमच्या फळीवरची भांडी वाजतात. आज यांचा आवाज कुठे गेला? आणि चाळिसांत घोरणारा एकही नाही?"

तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"शांतता!" गुरू गरजले. "या क्षणी निद्रा भंगली, तर माणूस परत शुद्धीवर येत नाही!"

हॉल गारठला. ताईनं तरीही दाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या मागे पन्नास लेकरं बसतील. खरं सांगा, झोपलात?"

दाजींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "नाही गं. चारही बैठकांत एकदाही नाही. सगळे झोपलेत, मीच एक जागा, म्हणजे मीच पापी... कुठल्या तोंडानं सांगू?"

शेजारच्या शिंप्यानं खाडकन डोळे उघडले. "तुम्ही पण? मला वाटलं मीच!"

"मी पण!" "अहो, मी तर घरचा हिशेब करत होतो!" बघता बघता चाळिसांपैकी सदतीस उठून उभे राहिले. उरलेले तिघे गुरूंचेच पगारी नोकर निघाले. ते आधी डोळे मिटायचे, बाकीचे लाजेनं. एवढाच काय तो चमत्कार! गुरूंनी मागचं दार गाठलं.

दाजी तसेच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेले. "बाई, मी झोपलेलो नाही. उद्या मला बस देऊ नका म्हणून डेपोच्या साहेबांना सांगा."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "संमोहन खोटं नाही, पण ती जादूही नाही. शिकलेल्या माणसाच्या मदतीनं मन सैल होतं, काहींना झोपेसाठी त्याचा उपयोगही होतो. पण त्यात टाळीसरशी कुणी बेशुद्ध पडत नाही. आणि जागं राहणं हा आजार असेल, पाप नव्हे."

दुसऱ्या दिवशी सहाला शाळेची बस निघाली, ती दुसऱ्या चालकाच्या हाती. दाजी फाटकाशी उभं राहून ती पुलाकडे वळेपर्यंत बघत राहिले.

मंडळी, बुद्धी ही देवाचीच देणगी. ती बाजूला ठेवून भक्ती होत नाही. खरं बोलायचीच लाज वाटायला लावणारा कुणी भेटला, तर हात जोडण्याआधी शेजाऱ्याच्या कानात एवढंच विचारा : "तुला तरी झोप लागली का रे?"