टाकी लावलेला दगड

काल दुपारी तीन वाजता तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका घरात फोन वाजला. तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर होतो आणि माझ्याखाली पाणी साचत होते. ते कुणीही ओतलेले नव्हते.

मित्रांनो, मी हिमालयातला एक जुना दगड आहे, लहान पोळपाटाएवढा. एका हिमनदीने मला कड्यातून उपटले. ती सरकताना दिसत नाही, पण सरकते. तिच्या तळाशी गोठून मी हजारो वर्षे अंधारात घासला गेलो. आम्हा दगडांनीच तिने डोंगर तासले आणि अरुंद दरीचा तळ रुंद केला. नदी दगडाला गोल करते. हिमनदी त्याची एखादी बाजू सपाट करते आणि तिच्यावर समांतर ओरखडे काढते. माझी ओळख तीच.

पुढे बर्फ वितळून मागे हटले आणि आमचा, दगडमातीचा, ढीग दरीत आडवा राहिला. त्याला हिमोढ म्हणतात. ढिगामागे तळे साठले. लांबून तो पक्का बांध वाटे. आत मात्र जुने बर्फ उरले होते आणि ते झिरपत होते. आम्ही ते ऐकत असू.

दोन वर्षांपूर्वी हरिणी तिथे आली. ती भूगर्भशास्त्र शिकलेली. माझ्या ओरखड्यांवरून बोट फिरवून तिने मला घरी आणले.

"लोक हिमालयातून गंगाजल आणतात, तू धोंडा आणलास!" तिचे वडील कल्याणराम हसले. आई मंगलाबाईंना मी आवडलो. भर मे महिन्यातही मी गार असे.

मागच्या महिन्यात हरिणीचे लग्न ठरले. इथे लग्नात नवरी अम्मीवर, म्हणजे पाट्यावर, पाऊल ठेवते. लेकीचे पाऊल तिनेच आणलेल्या दगडावर पडावे, असे मंगलाबाईंना वाटले. गल्लीत पाट्यांवर छिन्नीने खाचा पाडणारा टाकीवाला आला, तेव्हा त्यांनी मला पुढे केले.

"ही काय अम्मी, अम्मा? मांजराने ओरबाडलीय!" तो म्हणाला आणि छिन्नी चालवू लागला. ओरखडे गेले, तिथे ठिपके आले. त्या दिवसापासून मला पाझर फुटला.

कालचा फोन हरिणीचा होता. ती एका अभ्यासपथकाबरोबर पुन्हा तिथे गेली होती आणि तिचा तंबू त्याच तळ्याच्या खालच्या अंगाला दरीत होता.

"अम्मा, माझ्या दगडाचा फोटो धाड, लौकर. जुन्या फोनबरोबर माझे फोटो गेले. आमचे प्रमुख म्हणतात, बांध अखंड खडकाचा आहे. इथे सगळं बर्फाखाली, एक दगड उघडा नाही. ते ओरखडे पाहिले, की हा हिमोढ आहे हे पटेल आणि ते तंबू हलवतील."

"कुठले ओरखडे, कन्ना?" मंगलाबाईंनी लेकीला लाडाने विचारले.

"सपाट बाजूचे."

मंगलाबाईंनी माझ्यावरचे ठिपके चाचपले. "अय्यो! मी टाकी लावविली गे. तुझ्या लग्नासाठी."

पलीकडे वारा घोंघावत होता. मग हरिणीने हळूच विचारले, "अम्मा, हे पाणी वाजतंय, ते तुझ्याकडे की इथे?"

फोन तुटला.

मित्रांनो, कुठल्याही दगडावरची खूण मोडण्याआधी, ती कशाची आहे, हे तो आणणाऱ्याला विचारा.

आज सकाळी कल्याणरामांनी तिथल्या मदत केंद्राला फोन लावला. तंबूंपर्यंत अजून कुणी पोचलेले नाही. तळ्याचे पाणी पहाटेपासून उतरते आहे, असे दुरून पाहणारे सांगतात. ते कुठून जाते, हे कुणालाच दिसलेले नाही.