वीतभर मागे

"सर, ते दाताळं हातात घ्या ना. काम करतानाचा एक फोटो घेऊ," फोटोवाला म्हणाला, आणि महिपतने घेतलं. पाठीमागे प्रमुख पाहुणे हार घालून उभे होते. महिपतने छाती पुढे काढून लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू ओढली, हसला, पुन्हा ओढली.

"सर!" टेप घेऊन उभी असलेली रसिका ओरडली. "मोजायचं राहिलंय ना!"

महिपतने खाली पाहिलं. नुकतीच उडी मारलेल्या चांदणीच्या टाचांची खूण वाळूत कुठेच नव्हती. उडी तर साफ होती. पोरीचा पाय फळीवरच पडला होता, हे त्याने स्वतः वाकून पाहिलं होतं. पांढरा झेंडा उचलणार, तेवढ्यात पाहुणे आले होते.

वर्षभर महिपत इंद्रलोक वसाहतीतल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट अडकली की लोक 'ए लिफ्टवाला' म्हणून ओरडत, सुरू झाली की ओळखही देत नसत. स्पर्धेच्या या एका रविवारी मात्र तो पांढरी टोपी घालून फुकटात पंच व्हायचा आणि सगळे त्याला सर म्हणायचे. "टोपी चढली की जावईबापूंसारखे चालता," असं त्याची बायको सुगंधा चिडवायची. खोटं नव्हतं ते.

काय करायला हवं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. माझी चूक झाली, हिला पुन्हा उडी द्या, एवढंच म्हणायचं. नियमच आहे तसा. पण पाहुणे बघत होते, आणि हाताने डोक्याला विचारलंच नाही. लाल झेंडा वर गेला.

"फाउल," तो म्हणाला. "म्हणून तर ओढली वाळू."

"न्हाय ओ सर," दोरीपलीकडून चांदणीचे वडील बाबुराव म्हणाले. गोडदेवचे जुने गाववाले. "पाय आतच व्हता पोरीचा. मना दिसला."

"बाबा, गप बस ना! सर फळीजवळ उभे होते. तुला तिथून काय दिसणार?" चांदणीने बापाला झापलं आणि महिपतकडे वळली. "सॉरी सर. किती बाहेर गेला पाय?"

आता काहीतरी सांगणं भागच होतं.

"वीतभर."

चांदणी अनवाणीच धावायची. धाव कुठून घ्यायची त्याची खूण म्हणून तिने आपली निळी चप्पल ठेवली होती. ती तिथे गेली, खाली बसली, वीत टाकली आणि चप्पल तेवढी मागे सरकवली. उडी मोजतात फळीपासून. फळीच्या मागून झेप घेतली तर तेवढं सगळं पाण्यात.

उरलेल्या उड्या तिने तिथूनच धावून मारल्या. दर वेळी पाय फळीच्या वीतभर मागे पडला, आणि दर वेळी महिपतने पांढरा झेंडा उचलला. "बघा सर, नाही झाला ना फाउल!" ती खुशीत म्हणाली.

जिल्ह्याच्या संघात एकच जागा होती. ती बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या मुलीला गेली. चांदणी चार बोटांनी कमी पडली.

बक्षीस समारंभात माइकवरून 'आपले निःस्वार्थी पंच महिपत सर' असा पुकारा झाला. शाल आली, नारळ आला. टाळ्या वाजल्या, बाबुरावांनीही वाजवल्या. महिपतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैदान रिकामं झालं तरी चांदणी खड्ड्याकडेच होती. "वीतभर मागून पक्कं करतेय सर," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी फाउल नको."

महिपतने नारळ खाली ठेवला. तिची चप्पल उचलली आणि वीतभर पुढे, सकाळी होती तिथे ठेवली.

"इथून धाव."

"इथून फाउल होतो ना?"

"नाही होत." त्याची मान वर होईना. "सकाळीही नव्हता झाला."

चांदणीने वाकून चप्पल उचलली, दुसरी शोधली, पायात घातल्या आणि फाटकाकडे निघाली. तिथे बाबुराव स्कूटर सुरू करून थांबले होते. जाताना 'येते सर' म्हणणारी पोर ती. आज म्हणाली नाही.

खड्ड्यात तिच्या शेवटच्या उडीच्या टाचा तशाच होत्या. सामान आवरायचं म्हणून महिपतने दाताळं उचललं, बराच वेळ हातात धरलं, आणि वाळूला न लावता परत ठेवून दिलं.